हौसेचे दीड हजार : सांगलीतल्या एका घराची कर्जफेड

पतसंस्थेत कर्ज आणि वसुली खात्यात मी २१ वर्षं काढली. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीची माणसं हिशेब घेऊन घरी यायला लागली. त्यांतल्याच एका घराची ही हकिगत, त्यांच्या परवानगीने. नावं देत नाही आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत. घरधन्याला दादा म्हणतो, त्याच्या बायकोला वहिनी. घरात दादाची आई आणि दोन मुलं. २०२२ च्या जूनमध्ये मुलगी आठवीत होती, मुलगा तिसरीत. दादा कुपवाड एमआयडीसीत मशिनवर, हातात पडणारा पगार ३१,०००. वहिनी घरी ब्लाऊज शिवतात, फॉल-पिको करतात. त्यांचे सरासरी साडेसहा हजार.

वहिनी एकट्याच आल्या होत्या. पिशवीतून वही काढली आणि म्हणाल्या, "काका, सगळं बंद करून बघितलं. तरी वाढलंयच की."

हे 'सगळं बंद करणं' म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण माझ्या मते या प्रकरणाचं मूळ तिथे आहे.

२०२१ ची दिवाळी झाल्यावर दादाने घरात जाहीर केलं की आता कर्ज फिटेपर्यंत एक रुपयाही वायफळ जाणार नाही. रविवारचं मटण बंद. कुणाच्या बारशाला-साखरपुड्याला जाणं बंद, कारण गेलं की पाकीट आलं. मुलांचे वाढदिवस औक्षणावर भागवायचे. डिसेंबर ते एप्रिल, पाच महिने हे चाललं आणि अगदी कडक चाललं. नेहमीच्या हप्त्यांव्यतिरिक्त सुमारे वीस हजार वाचवून क्रेडिट कार्डावर भरले. कार्डावरचं देणं ५५,००० च्या आसपास होतं, ते ३७,००० पर्यंत उतरलं.

मे महिन्यात दादाच्या मित्राने मालवणला जायचं काढलं. चार दिवस, भाड्याची गाडी. दादा एका मिनिटात हो म्हणाला. तारकर्लीला मुक्काम, बोटिंग, मुलांना नवे कपडे, आजींना चष्मा आणि येताना कोल्हापुरात जेवण. सगळं कार्डावर. ३१,००० रुपये. पाच महिन्यांत वाचवले त्याच्या दीडपट, आठवड्याच्या आत गेले. कार्ड ६८,००० वर.

वहिनींना वाटत होतं की मी आता दादाला बोल लावीन. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. वसुलीला फिरताना मी अशी घरं खूप पाहिली आहेत. जे घर सगळी दारं एकदम लावून घेतं, ते एक दिवस खिडकीतून उडी मारतं. पाच महिने उपाशी ठेवलेल्या माणसाने पंगतीत ताटाकडे बघून हिशेब करावा, ही अपेक्षाच चुकीची. मालवण चुकलं नव्हतं, त्याआधीचा डिसेंबर चुकला होता.

आणखी एक गोष्ट वहिनींनी जाता जाता सांगितली. मुलीच्या कंपासपेटीत त्यांना एक चिठ्ठी सापडली होती. उन्हाळी बालनाट्य शिबिराची, फी ९०० रुपये. शिबिर एप्रिलमध्ये होऊन गेलं होतं आणि मुलीने घरात शब्द काढला नव्हता. "शहाणी आहे हो पोरगी," वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, तेरा वर्षांच्या मुलीला एवढं शहाणं व्हायला लागावं हे चांगलं लक्षण नाही. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं, तिथल्या पोरीला नाटकाची हौस असणारच. ती तिने पेटीत घडी घालून ठेवली होती.

वहीत काय निघालं

पुढची बैठक त्यांच्या घरी. नदीच्या बाजूच्या उपनगरात दोन खोल्या आणि पुढे ओटा. भिंतीवर २०१९ च्या ऑगस्टमधल्या पाण्याची रेघ रंगाखालून अजून दिसते. या भागातलं प्रत्येक घर पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती ते विचारत असतं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये पाणी धोक्याच्या कितीतरी वर गेलं आणि या घरात छातीएवढं उभं राहिलं. कर्जाची सुरुवात तिथून.

दुरुस्तीसाठी बँकेकडून वैयक्तिक कर्ज घेतलं. ३ लाख, १४ टक्के, ५ वर्षं, हप्ता ६,९८०. चार हप्ते गेले आणि कोरोना आला. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने हप्ते थांबवण्याची सवलत दिली होती, ती दादाने घेतली. पुष्कळांची समजूत अशी की सहा हप्ते माफ झाले. व्याज मात्र चढत राहिलं. आम्ही कागदावर मांडून बघितलं, तर त्या सहा महिन्यांपायी मुदत वर्षभर लांबली होती. म्हणजे थांबवलेले सहा भरायचेच, वर आणखी सहा. जून २०२२ ला २६ हप्ते भरून झाले होते, तरी मुद्दल २ लाख २१ हजार शिल्लक. दादा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला.

क्रेडिट कार्ड २०२१ च्या पुरापासून चढलं. त्या वेळी पाणी आधीपेक्षा कमी आलं, पण शिवणयंत्राची मोटर, पाण्याचा पंप आणि फ्रीज गेले. ६८,००० वर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,३८०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ४२८. दादा दर महिन्याला बिलावर छापलेली 'किमान रक्कम' भरत होता, ३,४००. त्यातले २,८०० व्याजात आणि करात जात होते, मुद्दलातून सहाशेसुद्धा उतरत नव्हते. किमान रक्कम भरली की बिल भरलं असं माणसाला वाटतं, आणि हा समज फार महाग पडतो.

सोनेतारण १ लाख १० हजार, धाकट्या नणंदेच्या लग्नासाठी. वहिनींच्या पाटल्या आणि गंठण ठेवलेलं. १२ टक्के, म्हणजे महिना ११०० व्याज. दरवर्षी व्याज भरून पावती नवी करायची, मुद्दल जागेवर.

त्याच लग्नात विट्याच्या साडूंकडून ५०,००० उसने घेतलेले, बिनव्याजी. साडू गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात, बाहेरच्या राज्यात दुकान. त्यांनी कधी विचारलं नाही आणि म्हणूनच यांनी विट्याला जाणं सोडलं होतं. सख्ख्या बहिणीला वहिनी दीड वर्ष भेटल्या नव्हत्या.

एवढं झाल्यावर मी जमाखर्च जुळवायला घेतला, तर दोन हजारांचा मेळ बसेना. वहिनींच्या वहीत दादाचा पगार २९,००० लिहिलेला. मी पगारपत्रक मागितलं. दादा म्हणाला, "काका, ते उद्या बघूया." वहिनी आत चहा टाकायला उठल्या आणि दारातच थांबल्या. मग त्याने सांगितलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दोन महिने पगार आला नाही, तेव्हा एकाकडून ४०,००० घेतले होते, शेकडा ५ ने. शेकडा ५ म्हणजे महिन्याला. दोन वर्षांत ४८,००० व्याज दिलं आणि ४०,००० तसेच उभे. वर दोन कोरे धनादेश आणि सही केलेला स्टॅम्प पेपर त्या माणसाकडे.

त्या दिवशी पुढे हिशेब झाला नाही. आजी ओट्यावरून म्हणाल्या, "मला का न्हाई सांगितलंस, माझ्या कानातलं होतं की." वहिनी बोलल्याच नाहीत. मी निघून आलो. चार दिवसांनी वहिनींचाच फोन आला, "या काका, आता सगळं लिहून काढूया."

एकूण देणं ४ लाख ८९ हजार. महिन्याला जाणारे १३,४८०, त्यात मुद्दलाला लागणारे फार थोडे.

काय केलं

आधी सावकार. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो आणि शेतकरी नसलेल्याला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. इथे ६० टक्के चाललं होतं, परवाना नव्हता. तालुक्याच्या सहकार खात्यात सहायक निबंधकांकडे तक्रार करावी असं माझं स्पष्ट मत होतं. दादाने ऐकलं नाही, माणूस त्याच्याच गल्लीतला. मला हे पटलं नाही, पण घर त्याचं, गल्ली त्याची. शेवटी दादाच्या जुन्या विमा पॉलिसीवर ४०,००० कर्ज काढलं, दहा टक्क्यांच्या आसपासचं, महिना व्याज साधारण ३३५. रक्कम एकदम नेऊन टाकली. सोबत मी आणि दादाचे मामा. धनादेश आणि स्टॅम्प पेपर हातात आल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत, एवढं एक मी पक्कं धरलं होतं.

मग कार्ड. वसुलीवाल्यांचे फोन रात्री साडेआठला यायचे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं. ते दादाने एकदा ऐकवल्यावर रात्रीचे फोन थांबले. त्याआधी त्यांनी ४०,००० त 'मिटवून टाकू' असंही सुचवलं होतं. ऐकायला गोड, पण अशा तडजोडीची नोंद सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेच्या अहवालात राहते आणि पुढे घरकर्जाच्या वेळी आडवी येते. पगार चालू असलेल्या माणसाने ती वाट धरू नये, असं मी सांगितलं. त्याऐवजी सगळं देणं २४ हप्त्यांत बदलून घेतलं, १६ टक्क्यांनी. हप्ता ३,३३० आणि व्याजावरचा कर धरून सुमारे साडेतीन हजार. दादा आधी ३,४०० भरतच होता. शंभर रुपयांच्या फरकाने तेच देणं आता जून २०२४ ला संपणार होतं. कार्ड वहिनींनी कात्रीने कापलं, कापड कापायच्या कात्रीने नव्हे, तिला त्या कुणाला हात लावू देत नाहीत.

एवढ्याने महिन्याचे १,५६५ सुटले. आधी हिशेबात ३,४०० उरत होते, म्हणजे आता हाताशी ४,९६५.

इथे आमचा खरा वाद झाला. दादाचं म्हणणं, सगळे कर्जाला लावू, लवकर मोकळं होऊ. मी म्हटलं, दीड हजार हौसेचे. दर महिन्याला, पगाराच्याच दिवशी बाजूला काढायचे, हप्त्यासारखे. दादा चिडला. "काका, तुम्ही वसुलीतली माणसं, आणि तुम्हीच सांगता मजा करा?" मी त्याला वही उलटी फिरवून दाखवली. दीड हजाराने वर्षाचे १८,०००. मालवणचे चार दिवस ३१,०००, तेही साडेतीन टक्क्यांच्या उधारीवर. हौस कुठल्याच घरातून जात नाही. तिला वहीत जागा दिली नाही तर ती कार्डावर जाऊन बसते.

वहिनी माझ्या बाजूने झाल्या आणि प्रश्न मिटला. त्यांनी एका पानावर ओळ आखली, 'हौस – १,५००'. खाली 'पुराचा डबा – १,०००', तो त्यांच्या बचत खात्यात. उरलेले सुमारे २,४०० सोनेतारणाच्या मुद्दलाला. दिवाळीच्या बोनसचे १५,००० सोन्याला, उरेल ते दिवाळीला. लग्नसराईत शिवणाचं जास्तीचं जे येईल तेही सोन्याला.

इथे जाणकार विचारतील, बँकेचं कर्ज १४ टक्के आणि सोन्याचं १२, मग आधी सोनं का? हिशेबाने आधी १४ टक्के फेडायला हवं, मान्य. पण वैयक्तिक कर्ज स्थिर व्याजाचं होतं आणि मुदतीआधी भरलं तर बँक दंड लावणार होती. व्यक्तींच्या बदलत्या व्याजाच्या कर्जाला असा दंड लावता येत नाही, स्थिर व्याजाला ती मुभा उरते. दुसरं, पाटल्या वहिनींच्या आईच्या. त्या घरात परत येताना दिसायला हव्या होत्या. दोन टक्क्यांच्या फरकापेक्षा मला ते जास्त वजनाचं वाटलं.

साडूंसाठी पैसे नव्हतेच. पण मी दोघांना विट्याला पाठवलं, तारीख घेऊन. जून २०२४ पर्यंत काही देता येणार नाही, जुलैपासून महिना पाच हजार. वहिनी परतल्यावर सांगत होत्या, साडूंनी पैशाचं ऐकूनसुद्धा घेतलं नाही, पण आक्का गळ्यात पडून रडली, "पैशापायी यायची थांबलीस व्हय गं?" त्यानंतर जत्रा चुकली नाही.

दीड हजारात काय होतं

पहिल्या महिन्यात काय करावं तेच त्यांना सुचेना, इतकी सवय मोडली होती. शेवटी एका रविवारी पाचही जण हरिपूरला गेले. कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचं दर्शन, घाटावर बसणं आणि पाच जणांत तीन भेळ. आजींनी नातवंडांना पेवांची गोष्ट सांगितली. हरिपुरात जमिनीखाली खोल पेवं होती, त्यांत सांगलीच्या बाजारपेठेची हळद साठवायचे आणि २००५ च्या पुरात त्यांतली कितीतरी गेली. मुलाने विचारलं, "मग हळदीचं पाणी झालं का?" आजींकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न घरात आठवडाभर चालला. त्या दिवशीचा खर्च वहीत आहे, २१० रुपये.

पुढे त्यांची एक रीत बसली. महिन्यातून दोनदा मटण. एखादा रविवार बाहेर, कधी डबा घेऊन सागरेश्वर, कधी औदुंबर. २०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, घरात तिघी, मग नरसोबावाडी वाढली. काय करायचं ते पाळीपाळीने एकेकाने ठरवायचं, ही मुलीची सूचना. दादाच्या पाळीला तो दरवेळी काहीच नको म्हणायचा. तेव्हा मुलगा म्हणाला, "मग पप्पांची पाळी मला द्या." त्यानंतर दादाने पाळी सोडली नाही.

आणि मे २०२३ मध्ये मुलगी बालनाट्य शिबिराला गेली. त्यासाठी तीन महिने आधीपासून हौसेतले तीनशे-तीनशे बाजूला ठेवले होते. शेवटच्या दिवशी तिचं काम बघायला घरचे सगळे, आणि मीही गेलो होतो. तीन वाक्यांचं काम होतं. ती मला अजून पाठ आहेत.

मध्ये बिघडलं ते

त्याच २०२३ च्या उन्हाळ्यात कारखान्यात ऑर्डरी कमी झाल्या आणि ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, बंद झाली. तीन महिने पगार २६,५०० च्या आसपास. दादा घाबरून आला, म्हणाला, पहिल्यांदा हौस बंद करतो. मी नको म्हटलं. सोन्याच्या मुद्दलाचे हप्ते तीन महिने थांबवले, फक्त व्याज भरलं, पुराच्या डब्यातून थोडं काढलं आणि हौस सातशेवर आणली. ती शून्यावर आणू दिली नाही. एकदा शून्य केलं की परत सुरू करायला घर धजत नाही. पुढचं मालवण मग फार लांब नसतं.

एक चूक माझीही झाली. आजींच्या औषधाला मी महिना १,५०० धरले होते, ते लवकरच अपुरे पडले. आजी गोळ्या एकाआड एक दिवस घेत होत्या आणि कुणाला बोलल्या नव्हत्या. त्या घरात सगळेच एकमेकांपासून काहीतरी लपवत होते, प्रेमापोटीच. म्हाताऱ्या माणसाला वही वाचता येत नाही म्हणून मी तिला बैठकीत धरलं नव्हतं. तेव्हापासून महिन्याचा हिशेब आजींसमोर मोठ्याने वाचतात.

फेड

२१ जून २०२४ ला वटपौर्णिमा होती. त्याच आठवड्यात पाटल्या आणि गंठण सुटलं आणि वहिनी पाटल्या घालून वडाला गेल्या. कार्डाचा शेवटचा हप्ताही त्याच महिन्यात गेला. साडूंना जुलैपासून पाच हजार सुरू झाले, एप्रिल २०२५ ला ५०,००० पूर्ण. शेवटचे पाच हजार त्यांनी मुलीच्या हातात परत ठेवले, दहावीच्या परीक्षेचं बक्षीस म्हणून. जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशाला आणि क्लासला १८,००० गेले, त्यामुळे विम्यावरच्या कर्जातले तेवढेच अजून बाकी आहेत. बँकेचा शेवटचा हप्ता ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळीच्या महिन्यात. पूर आला त्याला सहा वर्षं होऊन गेली होती.

आता महिन्याचे ६,९८० मोकळे झाले, त्यावरून घरात नवा वाद आहे. दादाला घराचं जोतं उंच करून घ्यायचंय, नदी काही जागा सोडणार नाही. वहिनींना ते पैसे मुलीच्या पुढच्या शिक्षणाला हवेत. दोघंही बरोबर आहेत. मला विचारलं, मी अजून काही बोललो नाही.

वही परवा पाहिली. हौसेची ओळ आता २,००० ची आहे. शेवटची नोंद हरिपूरची, खाली वहिनींच्या अक्षरात 'भेळ – ५'.